खिडकी उघडायची नाही

आयर्लंडमधल्या शॅनन गावातल्या त्या घरात मी खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकीणबाईंनी भाडं, वाय-फाय, बाथरूम यांपैकी कशाबद्दलही अवाक्षर काढलं नाही. मला वरच्या मजल्यावर नेलं आणि खिडकीसमोर उभं केलं.

"ही खिडकी दिसून राहिली नं?"

"हो."

"थंडी संपेपर्यंत ही उघडायची नाही. बोटभरही नाही. चालत असेल तर पुढचं बोलू."

मी पुण्याची. अशा पाट्या दुकानांबाहेर वाचत लहानाची मोठी झालेली. इथे ती पाटी सव्वापाच फुटांची होऊन, लोकरीचे मोजे घालून समोर उभी होती. मला राग यायला हवा होता. पण बाहेर आडवा पाऊस चालला होता आणि आत मी नुसत्या कुर्त्यावर सुखात उभी होते. आधीच्या घरात मी कोट घालून भाताला फोडणी देत असे. मी लगेच हो म्हटलं.

बाई माझ्याच कंपनीतल्या. शॅननच्या विमानतळाला लागून जी औद्योगिक वसाहत आहे, तिथे आमचा वैद्यकीय उपकरणांचा कारखाना होता. मी गुणवत्ता विभागात, त्या क्लीनरूमच्या, म्हणजे जिथे धुळीचा कणही चालत नाही अशा खोल्यांच्या, हवेच्या इंजिनिअर. पन्नाशीच्या, लग्न न केलेल्या, मूळच्या नागपूरच्या. ऑफिसात सगळे त्यांना नावाने हाक मारत, मला ते जमेना. मी ताई म्हणायला लागले आणि ताईच म्हणत राहिले.

ताईंच्या घरात नव्या माणसाची एक दीक्षा असायची. स्वयंपाकघरातल्या एका कपाटात, म्हणजे इकडच्या बोलीत प्रेसमध्ये, गॅसचा बॉयलर होता. त्याच्यासमोर मला स्टुलावर बसवून त्यांनी बजावलं, "पाहू नको, ऐक." मग दिवाणखान्याआधीच्या चिंचोळ्या हॉलमध्ये जाऊन भिंतीवरच्या थर्मोस्टॅटची चकती फिरवली. तिकडे टक वाजलं. इकडे कपाटात आधी पंखा घुमायला लागला, मग टिकटिकटिक अशी ठिणगी उडाली, मग भप्प करून ज्योत पेटली आणि शेवटी पंपाची हलकी घरघर सुरू झाली.

"क्रम लक्षात आला? आधी फुंकर, मग ठिणगी, मग गॅस. जुना गॅस आत साठला असेल तर आधी पंख्याने बाहेर काढते. आपण शेगडीवर काय करतो? गॅस सोडतो, मग लायटर शोधतो. म्हणून भडका होते. याला आपल्यापेक्षा अक्कल आहे."

पाणी गरम होतं, पंप ते भिंतीवरच्या रेडिएटरांतून फिरवतो, थंड होऊन परत आलेलं पाणी पुन्हा तापतं, हे मला कळलं. पण ताईंचं आवडतं ठिकाण पुढे होतं. खोली पुरेशी तापली की पुन्हा टक वाजे आणि ज्योत विझे. मी उठायला लागले की त्या हाताने दाबून बसवत. "थांब नं. आग विझली, पंप चालूच आहे. काहून? आत जी ऊब उरली आहे, ती पोचवायची राहिली. काम संपलं म्हणून उठून गेली तर ती उष्णता जागच्या जागी वाया." मग पंपही थांबे, आणि त्यानंतरच मला चहा मिळे.

थर्मोस्टॅटबद्दल त्यांचं एक वाक्य होतं. ते त्यांनी कंपनीतल्या प्रत्येक भारतीयाला कधी ना कधी ऐकवलं असेल. "हा पंख्याचा रेग्युलेटर नाही! तीसवर नेला म्हणून घर लवकर तापत नाही. त्याला दोनच शब्द येतात. 'हवं' आणि 'पुरे'." त्यांचा थर्मोस्टॅट कायम वीसवर असे. तो त्यांनी स्वतः विकत आणून स्वतः निवडलेल्या भिंतीवर बसवून घेतला होता आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता.

एक छोटा थर्मामीटर त्यांच्या खिशात कायम असायचा. चहा, आंघोळीचं पाणी, विरजणाचं दूध, सगळ्यांत तो बुडायचा (मधे धुवायच्या, एवढं मान्य केलं पाहिजे). जिन्यावर गरम पाण्याच्या टाकीचं कपाट होतं, ज्याला इथे हॉट प्रेस म्हणतात आणि ज्यात आयरिश लोक टॉवेल ठेवतात. ताईंच्या हॉट प्रेसमध्ये टॉवेलांच्या वर दही लागत असे आणि खाली इडलीचं पीठ फुगत असे. एकदा पीठ जरा जास्तच उत्साहात आलं आणि आठवडाभर आमच्या अंगाला आंबूस वास येत होता. ताईंना त्याचं काहीच वाटलं नाही. उलट पीठ किती वर चढलं होतं, ते त्यांनी मला कौतुकाने दाखवलं.

दारांच्या फटींवर त्यांनी टिश्यू पेपरच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. पट्टी हलली की तिथून वारा येतोय, मग तिथे रबराची पट्टी. हे त्या क्लीनरूममध्ये करत, तेच घरी. मी विचारलं, इतका सोस कशासाठी? तर म्हणाल्या, "आम्ही नागपूरचे. उन्हाळ्यात सकाळी घर बंद करतो ते संध्याकाळीच उघडतो. बाहेरचं आत येऊ द्यायचं नाही, हे आम्ही आईच्या पोटातून शिकून येतो. इथे फक्त उलटं आहे."

मात्र भिंतीतली गोल जाळी त्यांनी कधी बुजवली नाही. इथल्या जुन्या घरांत प्रत्येक खोलीला ती असते आणि तिच्यातून गार वारा येतो, म्हणून आपली माणसं तिच्यात जुनी ओढणी कोंबतात. मीही कोंबली होती. ताईंनी ती ओढून काढली आणि अशा नजरेने माझ्याकडे बघितलं, जणू मी घरात विष कालवलं होतं. "ते घराचं नाक आहे. गॅस जळणाऱ्या घराचं नाक दाबते का कोणी?"

अशा त्या ताई. भैताड, म्हणजे खुळी, असं त्यांच्या आईच म्हणत.

आई, म्हणजे आमच्या आजी, दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत आल्या. नवरा गेल्यावर नागपूरच्या घरात त्या एकट्याच राहत होत्या. उन्हाळ्यापर्यंत लेकीकडे राहून परत जाण्याचा बेत होता. मार्चमध्ये सगळं जग बंद झालं. आमचा कारखाना मात्र चालू राहिला, उपकरणांची गरज होती. आम्ही दोघी मास्क लावून कामावर जायचो आणि आजी दिवसभर पुढच्या खोलीच्या काचेतून आकाशाकडे बघत बसायच्या. विमानतळाचं गाव, पण आकाशात एक विमान नाही. "हे कसलं विमानाचं गाव वं माय? इथं तर कावळेच उडून राहिले."

आणि आजींना थंडी वाजायची. साधी नाही. लुगड्यावर स्वेटर, त्यावर लेकीचं फ्लीसचं उबदार जाकीट, त्यावर शाल, डोक्याला माकडटोपी, पायात मोज्यांचे दोन जोड. या सगळ्याच्या आतून दोन डोळे आणि चष्मा. उन्हाळा म्हणून जो काही इथे येतो, तोही त्यांनी शालीतच काढला. लेकीचा हात हातात घेतला की म्हणत, "पाह्य बरं हात माझे. मेलेल्या माणसाचे असते असे."

मला आधी वाटलं, नागपूरच्या बाई, व्हायचंच असं. पण खरं सांगायचं तर मलाही गार वाटायला लागलं होतं. ज्या उबेवर भाळून मी ती खोली घेतली होती, ती ऊब नाहीशी झाली होती. ताईंनी वेळा लावलेल्या होत्या, हीटिंग पहाटे सुरू होऊन आम्ही निघेपर्यंत आणि मग दिवेलागणीपासून जेवणं होईपर्यंत. बॉयलर पेटायचा, थोडा वेळ घरघरायचा आणि थांबायचा. रेडिएटर कोमट. एकदा मी गमतीत बोलून गेले, "आजी आल्या आणि घर गार पडलं." ताई हसल्या नाहीत. तेव्हा मी जीभ चावली.

ऑक्टोबरात दुसरी टाळेबंदी लागली, आणि त्याच सुमारास भारतात जाणाऱ्या विमानांत जागा मिळायला लागल्या. आजींनी एक दिवस बॅग भरली आणि आपल्या खोलीच्या दाराशी उभी करून ठेवली.

"दिवाळी झाली की मी चालली, बाई." लेकीला त्या बाई म्हणत. "तुझं घर लय चांगलं आहे. पण ही पेटी आहे बरफाची. मरायचंच आहे तर उन्हात मरतो."

"आई, तिकडे कॉलनी बंद आहे. शेजारच्या काकू गेल्या, समोरचे दवाखान्यात आहेत. तुला दूध आणून द्यायलाही कोणी नाही."

"मले ऊन तर भेटन."

ताईंनी भांडी घासायला घेतली. घासता घासता मला म्हणाल्या, "ती गेली तर मी तिला परत पाहीन की नाही, मला सांगता येत नाही. व्हिसाची मुदत सरकारने वाढवून दिली आहे, कोणी तिला हाकलून नाही राहिलं. माझं घर हाकलून राहिलं तिला. मी लोकांच्या कारखान्यातली हवा अर्ध्या अंशापर्यंत अचूक राखते, आणि माझी आई माझ्याच घरी कुडकुडते." एकच ताट त्या पुन्हा पुन्हा घासत होत्या. मी त्यांना तसं कधीच पाहिलं नव्हतं. मला त्या बॉयलरचा, आयर्लंडचा, आणि का कोण जाणे माझ्या स्वतःच्या गरम रक्ताचाही राग आला.

मग युद्ध सुरू झालं. ताईंनी प्रत्येक रेडिएटरची छोटी किल्ली फिरवून आत अडकलेली हवा सोडली. फुस्स आवाज, मग काळ्या पाण्याचा थेंब, खाली माझ्या हातातली वाटी. फरक नाही. मग त्यांनी रेडिएटरांच्या खालच्या चाव्या आवळायला घेतल्या. पाणी आळशी असतं, जवळच्या रेडिएटरातूनच फिरून परत येतं आणि लांबच्याला उपाशी ठेवतं, म्हणून जवळच्याच्या चाव्या थोड्या बंद करायच्या. "पंगतीत पहिल्याच पानावर सगळी जिलबी वाढली तर शेवटच्याला काय?" आजींची खोली शेवटचं पान होती. तिथला रेडिएटर पहिल्यांदा जरा तापला. पण तो तापतोय तोवर बॉयलरच थांबला.

एकदा ताईंनी तत्त्व गुंडाळून ठेवून थर्मोस्टॅट वीसचा पंचवीसवर नेला. मला वाटलं, आता सूर्य पश्चिमेला उगवणार. पण तेवढ्यानेही काही झालं नाही.

बॉयलरवाला आला. मास्क, हातमोजे, दुपारची वेळ. त्याने हीटिंग चालू केलं, अर्धा तास घर छान तापवून दाखवलं आणि म्हणाला, "ग्रँड," म्हणजे सगळं झकास. पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावला. पुन्हा दुपारी आला, पुन्हा ग्रँड. ताई चिडून म्हणाल्या, "युअर मॅनला सगळंच ग्रँड दिसते." युअर मॅन म्हणजे इकडच्या बोलीत 'तो बाबा'. मधेच एखाद्या रविवारी दुपारी त्यांनी हीटिंग लावलं तर घर पूर्वीसारखं तापायचं, आणि संध्याकाळी परत मसणवटा. सतत बिघडलेलं यंत्र परवडतं, मधूनच बिघडणारं माणसाला वेडं करतं. ताई बॉयलरच्या कपाटाचं दार उघडं टाकून जेवायला लागल्या. घास हातात, कान तिकडे.

दिवाळी आली. पाहुणे येणं शक्यच नव्हतं, आम्ही तिघीच. चकल्या माझ्या मोडल्या, ताईंच्या तेलाचं तापमान बरोबर असल्यामुळे कुरकुरीत झाल्या, आणि हे त्यांनी तीनदा बोलून दाखवलं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आजींनी लेकीला फर्मान सोडलं, "आज तरी देवापुढं उभी राय."

इथे एक सांगायला हवं. ताई देवाच्या वाटेला जात नसत. आजी पूजेला बसल्या की त्या स्वयंपाकघरात किंवा वर. का, ते मला माहीत होतं. पूजेनंतर आजी हमखास देवाला ऐकवून म्हणत, "माझ्या बाईचं लगीन तेवढं राहून गेलं." पन्नाशीनंतरही. त्यामुळे आजींचा देव्हारा घरात कुठे आहे हे ताईंना ठाऊक होतं, पण त्या तिथून मान फिरवून जात, तेवती समई त्यांनी कधी नीट बघितली नव्हती.

देव्हारा हॉलमध्ये होता. आल्या दिवशीच आजींनी घरभर फिरून पूर्व शोधली होती आणि पूजा करणाऱ्याचं तोंड पूर्वेला होईल अशी ती एकच भिंत सापडली होती. भिंतीला टेकून टेबल, टेबलावर नागपूरहून आणलेले देव, आणि मधोमध पाच वातींची पितळी समई. ती त्या पहाटे उठल्यावर लावत आणि पोथी संपेपर्यंत तेवत ठेवत. संध्याकाळी दिवेलागणीला पुन्हा लावत, ती जेवणं होईपर्यंत.

तर त्या संध्याकाळी समईच्या पाचही वाती, भोवती पणत्या, आजी टोपी-शालीसकट आरती म्हणतायत, मी टाळ्या वाजवतेय, आणि ताई खिशात हात घालून उभ्या. बॉयलर नुकताच पेटलेला. आरती रंगात आली आणि डोक्याच्या वर भिंतीवर आवाज झाला. टक. स्वयंपाकघरातली घरघर बदलली. ज्योत विझली.

ताईंनी मान वर केली. समईच्या बरोबर वर, हातभर उंचीवर, त्यांचा लाडका थर्मोस्टॅट होता. पांढऱ्या डब्यावर काजळीची बारीक रेघ. ती रेघ त्या दर आठवड्याला क्लीनरूमच्या फडक्याने पुसत आणि उदबत्तीला नावं ठेवत.

त्यांनी हात लांब करून डब्यापाशी धरला आणि झटकन मागे घेतला. खिशातून थर्मामीटर काढून वर धरला. आकडा चढत गेला.

"आई," ताई म्हणाल्या, "आरती थांबव."

"आरती थांबवते का कोणी!"

आरती थांबली नाही. ताईंनीही वाट बघितली नाही. त्यांनी समई दोन्ही हातांनी उचलली आणि जिन्याच्या पायरीवर नेऊन ठेवली. पणत्याही सरकवल्या. आम्ही तिघी थांबलो. म्हणजे आजी आरती म्हणतच होत्या, पण डोळे लेकीवर. बराच वेळ काही नाही. मग टक. कपाटात पंखा घुमला. टिकटिकटिक. भप्प.

मी किंचाळले. ताई किंचाळल्या नाहीत. त्यांचं डोकं अशा वेळी थंड होतं. "एकदा झालं तर योगायोग. तीनदा झालं तर पुरावा." क्लीनरूममध्ये कुठलीही गोष्ट तीनदा सलग सिद्ध झाल्याशिवाय त्या सही करत नसत. त्यांनी निरांजन हातात घेतलं आणि थर्मोस्टॅटसमोर धरून हळूहळू फिरवायला लागल्या. टक, विझला. बाजूला घेतलं. वाट बघितली. टक, पेटला. पुन्हा समोर धरलं.

आजींची आरती अखेर थांबली. आयुष्यात देवापुढे हात न जोडणारी लेक, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, भिंतीवरच्या प्लॅस्टिकच्या डब्याला भक्तिभावाने ओवाळत होती.

"बाई," आजी हळूच म्हणाल्या, "लक्ष्मी खाली आहे. त्या डब्याले काहून ओवाळून राहिली?"

ताईंचं तिसरं टक झालं आणि त्या हसायला लागल्या. खाली बसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "आई, तू रोज समई लावते, त्याची झळ याला लागते. याला वाटते घर तापलं. हा म्हणते 'पुरे'. आणि बॉयलर बंद! तू देवाला ऊब मागून राहिली आणि तुझाच दिवा घर थंड करून राहिला!"

आजींनी डब्याकडे बघितलं, समईकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं. शाळेत त्या गेल्या होत्या की नाही मला माहीत नाही, पण चूल त्यांनी जन्मभर राखली होती. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "मंग वर कोणी लावला हा?"

ताईंचं हसू थांबलं. "मी."

"ठीक. मंग देव नाई हलणार. लक्ष्मी आजच बसली, तिले कायले उठवू? तुझा डबा हलव."

माझ्या मते जगात दुसरी कुठलीही मुलगी यावर वाद घालत बसली असती. टेबल दोन हात सरकवलं की संपलं. पण ताई उठल्या आणि म्हणाल्या, "हौ. बरोबर आहे. चूक डब्याची आहे." मला त्या क्षणी त्या फार आवडल्या.

त्यांनी बिनतारी थर्मोस्टॅट मागवला. इलेक्ट्रिशियन आला, जुना डबा भिंतीवरून उतरला, त्या जागी आजींनी कुंकवाचं बोट लावलं. आता प्रश्न असा होता की नवा डबा ठेवायचा कुठे? तारच नसल्यामुळे तो घरात कुठेही चालणार होता. पुस्तकात लिहिलं होतं, बैठकीच्या खोलीत ठेवा. ताई तो हातात घेऊन घरभर फिरल्या, आजी पूर्व शोधत फिरल्या होत्या तशाच. शेवटी आजींच्या खोलीत शिरल्या.

"ज्याला सगळ्यात जास्त थंडी वाजते, त्याच्यापाशीच हा पाहिजे. त्याचं पुरे झालं की घराचं पुरे."

त्या खोलीत पलंग आणि खुर्ची सोडून एकच सपाट जागा होती, दाराशी उभी असलेली आजींची बॅग. ताईंनी डबा तिच्यावर ठेवला आणि बजावलं, "हा आता हलवायचा नाही." बॅग उघडायची तर डबा हलवावा लागणार, हे आम्हा तिघींच्याही लक्षात आलं होतं.

बॉयलर पेटला आणि पेटलेलाच राहिला. काय त्याची घरघर! रेडिएटरांना हात लावता येईना. आजींची खोली घरातली सगळ्यात गार, पुढच्या बाजूची, दोन बाजूंनी वारा खाणारी. ती वीसवर येईपर्यंत वर माझ्या खोलीत भट्टी पेटली. मी नोव्हेंबरात, आयर्लंडमध्ये, बिनबाह्यांचा टी-शर्ट घालून पांघरूण लाथाडून झोपत होते. खिडकी उघडायची सोय नव्हती. ताईंकडे तक्रार केली तर त्यांनी आनंदाने थर्मामीटर काढून माझ्या खोलीचं तापमान मोजलं आणि "वा!" म्हणाल्या.

खाली मात्र एकेक चिलखत उतरत होतं. आधी मोज्यांचा दुसरा जोड गेला. मग फ्लीस. एका सकाळी मी चहा घेऊन गेले, तर आजींचे पांढरे केस दिसले. इतक्या महिन्यांत मी ते पहिल्यांदा पाहिले. माकडटोपी खुर्चीच्या पाठीला टांगली होती. मी धावत जाऊन ताईंना सांगितलं. त्या बघायला आल्या नाहीत. "राहू दे. नजर लागेल," म्हणाल्या. तीनदा झाल्याशिवाय पुरावा न मानणारी ही बाई!

त्या रविवारी डब्लिनच्या ट्रॅव्हल एजंटचा फोन आला. मराठीच मुलगा, सज्जन. फोन ताईंनी स्पीकरवर टाकला, कारण त्यांचे हात भिजलेले होते.

"ताई, आईंची सीट धरून ठेवलीये. आज नाव द्यावंच लागेल. पक्की करू की सोडू?"

ताई फोन घेऊन आजींच्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मी त्यांच्यामागे. आजी पलंगावर मांडी घालून कापसाच्या वाती वळत होत्या. शाल अंगावर नव्हती. ताईंनी फोन नुसताच पुढे धरला. फोनमधून पोरगा "हॅलो? हॅलो?" करत होता. बॅग दाराशीच उभी होती आणि तिच्यावर तो पांढरा डबा.

आजींनी वात तळहातावर वळली, निरखून पाहिली, ताटलीत ठेवली. स्वेटरची बटणं काढली, स्वेटर उतरवला आणि उशाशी टाकला.

"पुरे कर बाई तुझा तो बॉयलर," त्या वर न बघता म्हणाल्या. "उकडून राहिलं मले. ती खिडकी उघड."

ताई हलल्याच नाहीत.

"आणि त्या पोराले सांग, एवढ्या उकाड्यात म्या परवास करत नसतो. ऊन उतरलं म्हणजे पाहू."

ताईंनी फोन माझ्या हातात कोंबला, पलंगाला वळसा घालून गेल्या आणि खिडकीची कडी ओढली. इथली थंडी कधी संपतच नसल्यामुळे वर्षानुवर्षं न उघडलेली खिडकी, रबराच्या पट्ट्यांनी चिकटलेली. त्यांनी खांदा लावला. पट्ट्या टराटरा सुटल्या आणि खिडकी सताड उघडली. समुद्रावरचा गार वारा आत घुसला, वाती उडाल्या, आजी "हाय वं माय, बरं वाटलं!" म्हणाल्या, आणि ताई त्या वाऱ्यात तोंड करून उभ्या राहिल्या. गालावरून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. आत बॉयलर जोरात पेटलेला आणि खिडकी उघडी. त्यांच्या मते याहून मोठं पाप नव्हतं, आणि ते त्या मजेत करत होत्या.

मी एजंटला सांगितलं, सीट दुसऱ्या कोणाला तरी द्या. मग कोणाची परवानगी न विचारता जिना चढून वर गेले आणि माझीही खिडकी उघडली.